रिकामं दाखवायचं घर

घर विकायला बोलावलेल्या एजंटने पोटमाळ्याखालचा जाड पडदा दोन बोटांनी बाजूला केला, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे काढता येईल ना?" हे म्हणजे सासूबाईंची खाट, खाटेला लावलेला लोखंडी कठडा, चाकांचा वॉकर, औषधांचा डबा आणि भिंतीतल्या वाकड्या खिळ्याला टांगलेली त्यांची शाल. सासूबाई स्वतः तेव्हा ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. घराला मधल्या भिंतीच नाहीत, त्यामुळे ओटा काय नि खाट काय, सगळं एकाच हवेत. त्यांनी ऐकलं असणारच. घराची मालकीण एजंटच्या मागे उभी होती, ती म्हणाली, "येईल की." एजंटने त्याच्याजवळच्या कागदावर काहीतरी खरडलं. झालं ते एवढंच. पण त्या एका क्षणात तिनेही तो कोपरा त्याच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तिला तिथे सासूबाई दिसल्या नव्हत्या, वाया गेलेली जागा दिसली होती. घराचा चांगला पाचवा हिस्सा असेल. आपल्याला असं दिसलं याचं काहीतरी वाटायला हवं, म्हणून तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. तिकडे शेंगा सोलल्या जात होत्या, दाणे भांड्यात पडत होते, आणि एजंट आता न्हाणीघराच्या भिंतीतल्या काचेच्या ठोकळ्यांवर बोटाने टकटक करत होता.

इमारत मुळात बटणांच्या कारखान्याची. कारखाना बंद पडला, पुढे बरीच वर्षं तो कबुतरांनी वापरला, आणि मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की याचे तुकडे पाडून घरं म्हणून विकावीत. अशा घराला लॉफ्ट म्हणायची तेव्हा टूम होती. गिलावा नसलेल्या, न रंगवलेल्या उघड्या विटा, छताशी लाल रंग दिलेले पाईप, काळ्या दगडाचा ओटा, तारेवर टांगलेले झगझगीत दिवे, आणि गोल लोखंडी जिन्याने वर गेलं की पोटमाळ्यावर पलंग. पलंगालासुद्धा भिंत नाही, नुसता कठडा. तिने आणि तिच्या नवऱ्याने हे घर घेतलं तेव्हा दोघंही तरुण होते आणि आपल्याला काही लपवायचं असेल असं दोघांनाही वाटत नव्हतं. मित्रमंडळी यायची, माना वर करून छत बघायची, किती मोकळं वाटतं म्हणायची आणि मग आपापल्या दारं असलेल्या घरी झोपायला जायची. नव्याचे नऊ दिवस सरले तेव्हा कळलं की वर कूस बदलली तर खाली ऐकू येतं, खाली कांदा चिरला तर वर डोळे झोंबतात, आणि थंडीत सगळी ऊब छताशी जाऊन बसते, माणसांच्या वाट्याला येत नाही. जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून अजूनही अधूनमधून एखादं बटण निघायचं. सासूबाई ते सुईने टोकरून काढायच्या, धुवायच्या आणि कशाला ना कशाला लावून टाकायच्या. त्यांच्या स्वेटरची एकूण एक बटणं वेगळी होती.

एजंट अदबशीर होता, वाईट बातमी रोज द्यावी लागणाऱ्या माणसासारखा. त्याने घाई केली नाही. पूर्वी लोकांना मोकळं हवं होतं, आता दारं हवीत, असं त्याने समजावून सांगितलं. माणसं घरून कामं करतात आणि एकमेकांचे फोन ऐकून विटलेली असतात. विटांचं वेड ओसरलं होतं. काचेचे ठोकळे पाहून गिऱ्हाईक हसतं, म्हणाला, म्हणजे वाईट हसत नाही, आपल्या आईवडिलांच्या लग्नातले फोटो बघून हसतात तसं. मग त्याने दोन आकडे सांगितले. एक, घर आहे तसं विकलं तर. दुसरा, पोटमाळ्याखालचा कोपरा मोकळा करून तिथे टेबलखुर्ची मांडली, कामाची जागा म्हणून दाखवला तर. आणि दाराशी बूट घालता घालता आवाज खाली आणून म्हणाला, की वाईट वाटून घेऊ नका, पण घरात म्हातारं माणूस आणि औषधं दिसली की गिऱ्हाईक भावात खाली उतरतं. त्यांना वाटतं मंडळी अडचणीत आहेत, घासाघीस चालेल. ती म्हणाली, हो, बरोबर आहे तुमचं. हे म्हणताना तिचं लक्ष त्याच्या बुटाच्या नाडीकडे होतं.

तो गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला दलाल?" त्या एजंटला दलालच म्हणायच्या. तिने पहिला आकडा सांगितला. सासूबाईंनी मटारातली एक अळी चिमटीत धरून बाजूला ठेवली.

"आणि मला काढलं तर?"

तिने दुसरा आकडा सांगितला.

"बराच फरक आहे की गं," सासूबाई म्हणाल्या. "आपली एवढी किंमत असेल असं काही मला वाटलं नव्हतं."

आणि हसल्या. तीही हसली. हसताना गालांचे स्नायू ओढले जातात आणि मग सैल पडतात, हे तिला हल्ली वेगळं जाणवायचं. फरक बराच होता हे खरंच. घर दोघांच्या नावावर, तिच्या आणि तिच्या आधीच्या नवऱ्याच्या. तो दुसऱ्या शहरात दुसऱ्या बायकोबरोबर राहत होता आणि आता त्याला त्याचा अर्धा वाटा हवा होता. त्यात गैर काही नव्हतं, इतकी वर्षं त्याने तोंडही उघडलं नव्हतं. दुसरा आकडा आला असता तर तिच्या वाट्यातून तळमजल्यावरचं एक छोटं घर येत होतं, दोन खोल्यांचं, दोघींपुरतं. ते त्या दोघींनी जाऊन पाहिलंही होतं. सासूबाईंनी तिथे ना खिडकी पाहिली ना नळ, मधल्या खोलीचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं आणि आतून म्हणाल्या, "मी आत आहे हं." त्यांचा आवाज दारापलीकडून दबका आला आणि तिला तो क्षणभर ओळखू आला नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. पहिलाच आकडा आला तर मात्र तिला एकटीपुरती खोली मिळाली असती, आणि सासूबाईंसाठी त्यांच्या मुलाने हमरस्त्यालगतच्या एका वृद्धांच्या संस्थेत जागा बोलून ठेवली होती. त्याने फोटो पाठवले होते. बाग होती, जागोजागी धरायला दांडे होते, सगळ्यांचे ग्लास एकाच रंगाचे होते. त्याला आईचं काही वाटत नव्हतं असं नाही. त्याला जे वाटायचं ते फोनवर मावायचं, एवढंच.

खरं तर सासूबाई तिच्या कुणीच लागत नव्हत्या आता. सासरे गेल्यावर मुलगा त्यांना या घरात घेऊन आला, पोटमाळ्याखाली खाट टाकली, पडदा लावला, आणि बिनभिंतीच्या घरात तीन माणसं राहू लागली. भांडायची पंचाईत झाली. मग सासूबाईंनीच तोड काढली. वरून चढे आवाज येऊ लागले की त्या मोठ्याने म्हणायच्या, "मी जरा बाहेर जाऊन येते हं," आणि पडदा ओढून खाटेवर बसायच्या. बसल्या की त्या घरात नाहीत असं धरून चालायचं. भांडण मिटलं, निदान दमलं, की पडद्यामागून, "आले हो," आणि या दोघांनी विचारायचं, आलात? काय म्हणतंय बाहेर? मग त्या सांगायच्या की वारा सुटलाय, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आज बंद आहे, वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले भेटले, बारीक झालेत बिचारे. सगळं मनातलं. पुढे पुढे ते इतकं सवयीचं झालं की चष्मेवाल्यांना एकदा खरोखरच्या जिन्यात पाहून ती त्यांना तब्येत सांभाळा म्हणाली होती, आणि ते गोंधळून तिच्याकडे बघत राहिले होते. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं तेही सासूबाई अशा बाहेर गेलेल्या असताना. सगळं बोलून झालं, पुस्तकं कुणाची, गाडी कुणाची, घर सध्या तिच्याकडे. मग पडदा सरकला. त्या दिवशी त्यांना बाहेर काय म्हणतंय असं कुणी विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे राहायचं ते तुमच्या बोलण्यात आलं नाही, म्हणून मीच सांगते. मी इथेच राहते." मुलगा म्हणाला, आई, असं कसं? त्या म्हणाल्या, "खाट इथे आहे."

तेव्हा तिला काय वाटलं होतं, ते आता काही केल्या आठवेना. बरं वाटलं असेल, किंवा हे लचांड आपल्याच गळ्यात का, असंही वाटलं असेल. वाटण्याची जागाच हळूहळू बुजत गेली होती. कधीपासून, तेही सांगता येत नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी फसवलं म्हणावं तर तेही नाही, चारचौघांसारखी ताटातूट झाली होती. एके सकाळी चहा पिताना जीभ भाजली आणि ती भाजली हे तिला जिभेकडून न कळता विचार करून कळलं. तिचं काम कान तपासण्याचं. जाड गादीच्या भिंतींच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणायचं. आवाज कमी कमी करत न्यायचा. शेवटी असा एक आवाज येतो की त्याच्या अलीकडे माणसाला काही नाही आणि पलीकडे आहे. तो कागदावर मांडायचा. काही माणसं आवाज नसतानाही बोट वर करायची, नापास व्हायची भीती वाटते म्हणून. तिला अशा माणसांचा पूर्वी राग यायचा. हल्ली वाटायचं की ती स्वतः दिवसभर तेच करते, कुणी काही बोललं की बोट वर. सासूबाईंचे कान तिनेच तपासले होते. टोकदार आवाज त्यांचे गेले होते, शिट्टी, घंटी, पाखरं, फोनची टिणटिण. पण माणसाचं साधं बोलणं त्यांना चांगलं ऐकू यायचं, आणि तिचा जाडसर आवाज तर फारच. तपासणीच्या कागदावर ते स्वच्छ दिसलं होतं. तुझा आवाज मला झोपेतसुद्धा येतो, असं त्या काच ठोठावून म्हणाल्या होत्या.

गिऱ्हाईक यायचं ठरलं तशी सासूबाईंनीच घाई लावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाल्या, दलाल सांगतोय तेच खरं आहे, असून अडचण नि नसून खोळंबा अशी माझी गत, तर थोडा वेळ नसलेलीच बरी. खाटेचा कठडा कसा सोडवायचा ते त्यांनीच दाखवलं. खाट उभी करून तळघरात नेली, वॉकर न्हाणीघरातल्या कपाटात घातला, पडदा उतरवला. पडद्यामागची वीट बाकीच्या विटांपेक्षा गडद निघाली आणि खाटेच्या उंचीला, जिथे सासूबाई पाठ टेकून बसायच्या, तिथे ती गुळगुळीत होऊन गेली होती. एजंटने एक टेबल, एक दिवा आणि काचेच्या भांड्यात एक हिरवं झाड पाठवलं. ते सगळं मांडल्यावर कोपरा खरोखर चांगला दिसू लागला. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून मान तिरकी करून बघत होत्या. "छान आहे की," म्हणाल्या. "आधीच का नाही केलं असं?" तिला वाटलं, यात टोमणा असेल. तिने त्यांच्याकडे पाहिलं तर नव्हता.

त्या दिवशी खरं म्हणजे दोघींनीही घरात थांबायचं नव्हतं. मालक समोर असला की गिऱ्हाइकाला कपाटं उघडायला संकोच वाटतो, असं एजंटने बजावलं होतं. पण बाहेर बोचरा वारा होता आणि सासूबाईंच्या छातीत कफ, म्हणून ठरलं की त्यांनी याच मजल्यावर लिफ्टसमोरच्या बाकावर बसायचं, आणि गिऱ्हाईक आल्यावर तिने निघायचं. सासूबाईंनी चांगला कोट घातला, पर्स मांडीवर घेतली, केस पाण्याने चापून बसवले. कुठे निघालेल्या बाईसारख्या दिसत होत्या. तिने विचारलं, थंडी नाही ना वाजत? त्या म्हणाल्या, तू जा, मी काही पळून जात नाही. गिऱ्हाईक म्हणजे एक नवराबायको, तिशीतली, नीटनेटकी. एजंट त्यांना घेऊन आला आणि ती दोघं आत शिरली. मालकीण अजून कोट चढवत असतानाच नवरा छताकडे बघत म्हणाला, अरे वा. तो शब्द तिने पूर्वी कितीतरी वेळा ऐकला होता. बायको मात्र सरळ पोटमाळ्याखाली गेली, खुर्चीत बसली, टेबलावर दोन्ही तळवे ठेवले, मागे टेकली. तिची पाठ बरोबर त्या गुळगुळीत विटांना लागली. "ही जागा मला फार आवडली," ती बायको म्हणाली. "इथे कसं शांत वाटतंय."

एजंटने मालकिणीकडे बघून डोळे जरासे मिटले. म्हणजे जमतंय. ती निघाली तर त्या बाई बोलत बोलत तिच्यामागून बाहेर आल्या. शेजार कसा आहे, लिफ्ट बंद पडते का, रात्री वरच्या मजल्यावरून आवाज येतो का. ती उत्तरं देत गेली. दोघी लिफ्टपाशी आल्या. बाकावर सासूबाई पर्सवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या कोटाच्या गळ्यातून ते वेगवेगळ्या बटणांचं स्वेटर दिसत होतं. त्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा हसल्या, आणि तिला विचारलं, "या आजी तुमच्याच घरच्या का?"

"नाही नाही," ती म्हणाली. "शेजारच्या आहेत."

इतकं सहज तोंडातून गेलं की तिला ते आपण म्हटलं हे ऐकूनच कळलं. हे काही ठरलेलं नव्हतं. आमच्याच आहेत, चार दिवसांसाठी आल्यात, असं म्हणता आलं असतं. नातेवाईक आहेत म्हटलं असतं तरी आकडा कुठे पळून जात नव्हता. पण विचारणारीला नक्की काय सांगायचं असतं? सून म्हणावं तर सून नाही, आणि दुसरं काही म्हणायला तोंडात शब्द नव्हता. शेजारच्या हा होता, तो बाहेर पडला. आणि ते तिने कुजबुजून म्हटलं नव्हतं, नेहमीच्या आवाजात म्हटलं होतं. बाक हाताच्या अंतरावर होता. कोणता आवाज त्या कानांना येतो आणि कोणता येत नाही, हे या जगात कुणाला माहीत असेल तर ते तिला होतं, त्यामुळे ऐकू गेलं नसेल अशी समजूत घालायचीही सोय नव्हती. सासूबाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी मांडीवरची पर्स उचलून पलीकडे ठेवली आणि त्या बाईंना म्हणाल्या, बसा ना, उभ्या का? बाई बसल्या. इतक्यात आतून एजंटने तिला हाक मारली, पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे ते नवऱ्याला दाखवायचं होतं, आणि ती आत गेली. नळ दाखवला, मीटर दाखवलं, खिडकीची कडी कशी अडकते ते सांगितलं. बाहेरून बोलण्याचा आवाज येत होता, एक आवाज आणि मग दुसरा. शब्द कळत नव्हते. 

संध्याकाळी एजंटचा फोन आला. दुसरा आकडा, पूर्ण, घासाघीस न करता. त्या बाईंना कोपरा फारच आवडला आहे. ती आभार मानत राहिली. मग तिने तिकडे सासूबाईंच्या मुलाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, वा, म्हणजे आईचाही प्रश्न सुटला. ती म्हणाली, हो, सुटला. पानं वाढून झाली होती. सासूबाई ओट्यापाशी आपल्या स्टुलावर बसल्या होत्या आणि एजंटचं टेबल, दिवा, झाड तसंच होतं. खाट वर आणायला उद्या माणूस येणार होता, म्हणून त्यांचं अंथरूण आजच्यापुरतं त्या टेबलाशेजारी जमिनीवर घातलं होतं. ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, आई, झालं. दोन खोल्यांचं घर आपलं झालं. उद्याच बयाणा देऊन टाकू. तुम्हाला दार मिळालं.

"छान झालं," सासूबाई म्हणाल्या. "सुटलीस बाई."

दोघी जेवू लागल्या. घास चावल्याचा आवाज त्या उंच छताखाली वाजवीपेक्षा मोठा येत होता. दुपारचं काहीतरी बोलायला हवं, तिला वाटलं. आई, ते मी उगाच म्हटलं. आई, ते माझ्या तोंडातून निघून गेलं. वाक्यं जुळत होती आणि पुन्हा विस्कटत होती, आणि आज किती तरी दिवसांनी तिला लाज वाटत होती; सरळ, साधी, कान गरम करणारी लाज. शेवटी तिने नुसतं विचारलं की त्या बाई बाकावर बसून काय बोलत होत्या.

"चांगली आहे हो पोर," सासूबाई म्हणाल्या. "मला म्हणाली, तुमच्या शेजारणीने घर फार छान ठेवलंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. एकटीच असते बिचारी," असं म्हणून सासूबाईंनी भांड्यात उरलेली भाजी निपटून तिच्या ताटात वाढली.